तज्ज्ञांची संध्याकाळ कोणाच्या वाट्याला?

भारतातील मोठ्या शहरांत संध्याकाळच्या वेळेचा एक नवा उपयोग रूढ होऊ लागला आहे. दिल्ली, मुंबई किंवा बेंगळुरूमधील एखाद्या पबमध्ये ठरलेल्या दिवशी संगीत थांबवले जाते, एका भिंतीवर पडदा लावला जातो आणि विद्यापीठातील प्राध्यापक किंवा प्रयोगशाळेतील संशोधक आपल्या विषयावर बोलू लागतो. श्रोते तिकीट काढून आलेले असतात, समोर बिअरचे ग्लास असतात आणि व्याख्यानापेक्षा प्रश्नोत्तरेच अधिक रंगतात. ‘पिंट ऑफ व्ह्यू’सारख्या उपक्रमांमुळे ही कल्पना वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि समाजमाध्यमांवर चर्चेचा विषय झाली आहे.

तिच्यावर उमटणाऱ्या प्रतिक्रिया साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. एका गटाला यात विद्येचा अवमान दिसतो. मद्यालय ही काय ज्ञानचर्चेची जागा झाली, असे तो विचारतो. दुसऱ्या गटाला यात ज्ञानाचे लोकशाहीकरण दिसते; विद्यापीठाच्या भिंती कोसळल्याचा आनंद तो व्यक्त करतो. पहिली प्रतिक्रिया सोवळेपणाची आहे आणि दुसरी भाबडी. तज्ज्ञाने नागरिकांना जाऊन भेटावे, ही गोष्ट मुळात चांगलीच आहे. प्रश्न एवढाच, की तो कोणत्या नागरिकांना भेटतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणत्या विषयांवर बोलण्याची त्याला मुभा आहे.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी महानगरांपेक्षा म्हैसूर अधिक उपयोगी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे नऊ लाख वस्तीच्या या शहरात राष्ट्रीय पातळीवरच्या जितक्या ज्ञानसंस्था आहेत, तितक्या त्याच्या आकाराच्या फार थोड्या भारतीय शहरांत असतील. तेथे शहर लहान आहे आणि तज्ज्ञ पुष्कळ आहेत. तरीही दोघांची गाठ क्वचितच पडते.

एका शहरातील विद्याधन

ही यादी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये झाली. त्याच्याही आधीपासून, १८९१ पासून, तेथे प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. तंजावर भागातील एका पंडिताने तिच्या हवाली केलेल्या ताडपत्रांत आर. शामशास्त्री यांना कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ सापडले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. प्राचीन भारतातील राज्यव्यवहाराविषयी आज आपण जे बोलतो, त्याचा मोठा भाग या शोधावर उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर या यादीत भर पडत गेली. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० मध्ये राजघराण्याच्या चेलुवांबा प्रासादात सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार करण्याची पद्धत तेथील शास्त्रज्ञांनी विकसित केली आणि पुढे ‘अमूल’ने ती घराघरांत नेली. सैनिकांच्या आहारावर काम करणारी संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ ची. भारतीय भाषांचा अभ्यास करणारी केंद्रीय भारतीय भाषा संस्था १९६९ ची. पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेख शाखा १९६० च्या दशकात उटीहून येथे आली. देशभरातील शिलालेखांचे हजारो ठसे तिच्याकडे जतन केलेले आहेत. वाणी व श्रवण या विषयाला वाहिलेली अखिल भारतीय संस्था याच शहरात आहे. बी. व्ही. कारंत यांनी उभे केलेले ‘रंगायण’ १९८९ चे, तर वन्यजीवांवर संशोधन करणारे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन १९९६ चे. मतदाराच्या बोटावरची न पुसणारी शाईसुद्धा म्हैसूरच्या सरकारी मालकीच्या कारखान्यात बनते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून तिचा वापर सुरू झाला आणि आज ती अनेक देशांत निर्यात होते.

यांतील प्रत्येक संस्थेत एका संध्याकाळीच्या गप्पांना पुरून उरेल असा विषय आहे. शाई नखावरून का पुसली जात नाही? हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात तलावाच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे कसे लिहिलेले असते? डब्यातले अन्न किती दिवस टिकते आणि ते कशावर अवलंबून असते? मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नसेल तर आईवडिलांनी कधी काळजी करावी? या प्रश्नांची उत्तरे ज्यांना ठाऊक आहेत, ती माणसे रोज सकाळी याच शहराच्या रस्त्यांवरून कामाला जातात. पण त्यांच्या संस्थांना उंच कुंपणे आहेत, प्रवेशद्वारावर नोंदवही आहे आणि सामान्य नागरिकासाठी दार वर्षातून एखाद-दुसऱ्या ‘खुल्या दिवशी’च उघडते. त्या दिवशी शाळांच्या बसगाड्या येतात, मुले रांगेने प्रदर्शन पाहतात आणि संध्याकाळी दार पुन्हा बंद होते.

कॉफीगृहापासून पबपर्यंत

अनौपचारिक जागी विद्वानांनी बोलावे, ही कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकातील लंडनच्या कॉफीगृहांत एका पेनीला कॉफीचा पेला आणि त्यासोबत ताज्या बातम्या व वादविवाद मिळत. म्हणून त्यांना ‘पेनी विद्यापीठे’ म्हटले जाई. राजसत्तेला त्यांचा धाक वाटावा इतकी त्यांची ताकद होती. १६७५ च्या डिसेंबरअखेरीस दुसऱ्या चार्ल्सने कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच तो त्याला मागे घ्यावा लागला. अर्थात या ‘विद्यापीठां’त स्त्रियांना जवळपास स्थान नव्हते, हेही विसरता येत नाही.

आधुनिक काळात हा धागा पॅरिसमध्ये पुन्हा हाती घेतला गेला. मार्क सोते या तत्त्वज्ञाने १९९२ मध्ये बास्तीय चौकातील एका कॅफेत रविवारी सकाळी तत्त्वचर्चा सुरू केली. त्यापासून स्फूर्ती घेऊन डंकन डॅलस या दूरचित्रवाणी निर्मात्याने १९९८ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे ‘कॅफे सायंटिफिक’ सुरू केले. २०१३ मध्ये मायकेल मॉट्स्किन आणि प्रवीण पॉल या संशोधकांनी ‘पिंट ऑफ सायन्स’ हा महोत्सव लंडन, केंब्रिज व ऑक्सफर्डच्या पबमध्ये भरवला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला.

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. इंग्रजी ‘पब’ हा शब्द ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचा संक्षेप आहे. इंग्लंडमध्ये पब ही मोहल्ल्याची बैठकीची खोली असते. तेथे गवंडीही येतो, शिक्षकही येतो. काही जण केवळ जेवायला येतात, तर काही नुसतेच बसायला. भारतात पब हा शब्द आला, पण त्यातील ‘पब्लिक’ मागेच राहिले. आपल्याकडचा पब ही खालच्या आवाजात बोलणाऱ्या शेजाऱ्यांची जागा नसून वरच्या किमतीत विकत घेतलेल्या संध्याकाळीची जागा आहे. रोजंदारीवर काम करणारा माणूस पितो तो वेगळ्या दुकानात, आणि तेथे प्राध्यापक व्याख्यान द्यायला जात नाहीत. म्हणूनच लीड्समध्ये जी कल्पना विज्ञानाला रस्त्यावर आणते, तीच कल्पना बेंगळुरूमध्ये त्याला एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत नेऊन बसवू शकते.

पबचे गुण

तरीही पबमधील व्याख्यानाचे काही गुण मान्य करायला हवेत, कारण आपल्या औपचारिक व्याख्यानांत नेमके तेच दुर्मीळ झाले आहेत.

आपल्याकडील जाहीर व्याख्यानाची रचना पाहावी. दीपप्रज्वलन होते, स्वागतगीत होते, व्यासपीठावर सात-आठ खुर्च्या असतात. प्रमुख पाहुण्यांचा, अध्यक्षांचा आणि देणगीदारांचा सत्कार होतो. शाल व श्रीफळ देऊन झाले, प्रास्ताविक झाले, परिचय झाला, की वक्त्याच्या वाट्याला पाऊण तास उरतो. ‘वेळेअभावी’ प्रश्नोत्तरे रद्द होतात आणि आभारप्रदर्शन मात्र कधीही रद्द होत नाही. या सगळ्या रचनेत श्रोत्याचे काम टाळ्या वाजवण्याचे असते.

पबमध्ये यातले काही नसते. वक्ता श्रोत्यांच्याच पातळीवर उभा असतो, बहुधा शब्दशः. त्याला पदवीचे कवच नसते. कंटाळा आला तर लोक आपापसांत बोलू लागतात आणि ते त्याला ऐकू येते. विशीतील तरुणी साठीच्या प्राध्यापकाला ‘हे मला पटले नाही’ असे म्हणू शकते. सभागृहात हेच वाक्य उच्चारायला ती धजावेलच असे नाही, आणि तिने ते उच्चारलेच तर माईक तिच्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. ज्या समाजात वय, पद आणि जात या तिन्ही गोष्टी मिळून प्रश्नकर्त्याचे तोंड बंद करतात, तेथे प्रश्न विचारण्याची भीती काही काळ जरी विरली, तरी ती लहान गोष्ट नव्हे.

तज्ज्ञालाही यातून काही मिळते. संशोधकाचे रोजचे श्रोते म्हणजे त्याचे सहकारी व विद्यार्थी; दोघांनाही त्याची परिभाषा येते. परिभाषा नसलेल्या माणसाला आपले काम समजावून सांगताना ते काम आपल्यालाच कितपत समजले आहे, हे त्याला कळते.

दाराबाहेर राहिलेले

आता दाराबाहेर कोण राहते ते पाहू. सर्वांत आधी विद्यार्थी. कर्नाटकात मद्य मिळण्याचे वय व्यवहारात २१ वर्षे मानले जाते. ते १८ वर आणण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने टीका झाल्यावर २०२३ च्या जानेवारीत मागे घेतला. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ ही मर्यादा आहे. म्हणजे पदवीच्या वर्गात बसणारा, विज्ञानाकडे वळावे की नाही याचा निर्णय घेण्याच्या वयाचा मुलगा किंवा मुलगी या व्याख्यानाला येऊ शकत नाही. शाळकरी मुलांचा तर प्रश्नच नाही.

त्यानंतर न पिणारे. यात धर्मामुळे न पिणारे आहेत, सवयीमुळे न पिणारे आहेत, आणि घरातील दारूने होरपळल्यामुळे त्या दारात पाऊल न टाकणारेही आहेत. नंतर स्त्रिया. मंगळुरूच्या एका पबमध्ये २४ जानेवारी २००९ रोजी श्रीराम सेनेच्या कार्यकर्त्यांनी तरुणींना मारहाण केली, ही घटना कर्नाटकातील अनेक पालकांच्या स्मरणात अजून ताजी आहे. तो हल्ला निंद्य होता आणि पबमध्ये जाणे हा त्या तरुणींचा निर्विवाद हक्क होता. पण एखाद्या हक्काचे समर्थन करणे वेगळे आणि ज्ञान मिळवण्यासाठी प्रत्येकीने तो हक्क बजावलाच पाहिजे अशी अट घालणे वेगळे.

सर्वांत मोठी भिंत मात्र भाषेची आहे. पबमधील व्याख्याने जवळजवळ नेहमी इंग्रजीत होतात. ज्या शहरात भारतीय भाषांची केंद्रीय संस्था आहे, तेथे शहराच्या स्वतःच्या भाषेला संध्याकाळच्या चर्चेत जागा नसावी, यासारखा विरोधाभास नाही.

हा केवळ न्यायाचा मुद्दा नाही. चर्चेच्या दर्जाचाही आहे. श्रोते बदलले की प्रश्न बदलतात. म्हैसूर जिल्ह्याच्या सीमेला बंडीपूर आणि नागरहोळे ही दोन व्याघ्र अभयारण्ये लागून आहेत. २०२२ च्या गणनेत कर्नाटकात ५६३ वाघ असल्याचा अंदाज होता; केवळ मध्य प्रदेश त्याच्या पुढे आहे. वाघांची संख्या वाढते ही अभिमानाची गोष्ट, आणि हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील शेतकऱ्याच्या गोठ्यावर तिचा भार पडतो ही तितकीच खरी गोष्ट. वन्यजीवतज्ज्ञ म्हैसूरच्या पबमध्ये बोलला, तर समोर कबिनीच्या काठी सफारीला जाऊन आलेले लोक असतील. ते कॅमेऱ्याच्या सापळ्यांविषयी आणि वाघांच्या पट्ट्यांविषयी विचारतील. हेच व्याख्यान तालुक्याच्या गावी कन्नडमध्ये झाले, तर पहिला प्रश्न भरपाईचा असेल आणि दुसरा, ‘रात्री शेताला पाणी द्यायला आम्ही कसे जायचे?’ हा असेल. विज्ञानासाठी दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. पण धोरण ज्यावर अडते तो दुसरा प्रश्न आहे.

शहराच्या पोटातही अशी उदाहरणे आहेत. म्हैसूरच्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग २०१२ मध्ये कोसळला आणि माणसे दगावली. २०१६ मध्ये एकोणिसाव्या शतकातील देवराज मंडईचा एक भाग ढासळला. या वास्तू पाडून नव्याने बांधाव्यात की डागडुजी करून टिकवाव्यात, यावर वारसातज्ज्ञ आणि अभियंते यांच्यात मतभेद झाले, समित्यांचे अहवाल एकमेकांविरुद्ध गेले आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. चुन्याच्या बांधकामाची ताकद कशी मोजतात, जुन्या भिंतीला किती आयुष्य उरले हे कसे ठरवतात, दोन तज्ज्ञांचे निष्कर्ष वेगळे का येतात, हे सारे समजून घेण्याचा पहिला अधिकार तेथे पिढ्यान्‌पिढ्या फुले, केळी आणि कुंकू विकणाऱ्या गाळेधारकांचा होता. त्यांच्यापर्यंत पोहोचले ते वकिलांच्या भाषेतील सारांश आणि अफवा.

कावेरीच्या पाण्याचेही तसेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तमिळनाडूसाठी सोडायच्या पाण्याचा वाटा १७७.२५ टीएमसी असा निश्चित केला. या एका आकड्यावरून दर तुटीच्या वर्षी म्हैसूर-मंड्या पट्ट्यात आंदोलने होतात. टीएमसी म्हणजे काय, तुटीच्या वर्षी वाटप कोणत्या सूत्राने होते, कृष्णराजसागरातील पाण्याची पातळी आणि प्रत्यक्ष साठा यांचे नाते काय, हे मंड्याच्या शेतकऱ्यांना त्यांच्याच भाषेत, चहाच्या टपरीशेजारी बसून समजावणारा जलअभियंता आपण किती वेळा पाहिला आहे?

विसरलेली परंपरा

म्हैसूरला हे सारे नवीन नाही. दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ मध्ये म्हैसूर प्रतिनिधी सभा सुरू केली. पहिल्या बैठकीला १४४ सदस्य होते. ते लोकांनी निवडलेले नव्हते. बहुतेक जमीनदार आणि व्यापारी होते. पण दसऱ्याच्या सुमारास दिवाणाने राज्यकारभाराचा हिशेब मांडायचा आणि तालुक्यांतून आलेल्या माणसांनी त्याला गाऱ्हाणी ऐकवायची, हा पायंडा त्यातून पडला. शहरातील रंगाचार्लू स्मारक सभागृह याच दिवाणाच्या नावाने उभे आहे.

विद्यापीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूर विद्यापीठाने प्रसार व्याख्यानांची प्रथा सुरू केली. प्राध्यापकांनी तालुक्यांच्या व खेड्यांच्या ठिकाणी जायचे, आरोग्य, शेती, इतिहास, खगोल अशा विषयांवर कन्नडमध्ये बोलायचे आणि ती व्याख्याने विद्यापीठाच्या प्रसारांगाने अल्प किमतीच्या पुस्तिकांच्या रूपात छापायची, अशी ती योजना होती. कुवेंपूंसारखा थोर कवी पुढे, १९५६ ते १९६० या काळात, त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. विज्ञान मातृभाषेत शिकवता येते, यासाठी त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. या व्याख्यानांनी कन्नडला शास्त्रीय विषयांची भाषा दिली, आणि गावातील माणसाला विद्यापीठ आपलेही आहे असे वाटण्याचे एक कारण दिले.

देशात इतरत्रही असे प्रयत्न झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला दीड शतकानंतरही दर उन्हाळ्यात भरते. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ मध्ये स्थापन झाली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद आणि त्यांचे सहकारी सायलेंट व्हॅलीच्या जंगलाविषयी मल्याळममध्ये गावोगाव बोलले. तेथील जलविद्युत प्रकल्प अखेर रद्द झाला आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जानेवारी २००९ मध्ये ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम सुरू केला. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी शास्त्रज्ञ येतात, प्रवेश विनामूल्य असतो आणि हातात चहाचा पेला असतो. तेथे आजोबा व नातू एकाच बाकावर बसून प्रश्न विचारू शकतात. ज्या महिन्यात मंगळुरूच्या पबवर हल्ला झाला, त्याच महिन्यात हा उपक्रम सुरू झाला, हा निव्वळ योगायोग. पण पेयाच्या निवडीने श्रोतृवर्ग किती बदलतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

बोलण्याची मुभा

जागेइतकाच कळीचा प्रश्न मोकळेपणाचा आहे. म्हैसूरमधील बहुतेक तज्ज्ञ सरकारी नोकर किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांचे कर्मचारी आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नववा नियम सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका ठरेल असे जाहीर विधान करण्यास मनाई करतो. निव्वळ शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला व प्रसारणाला या नियमावलीत सवलत आहे. पण शास्त्र कोठे संपते आणि धोरण कोठे सुरू होते? पाकीटबंद अन्नातील मिठाच्या प्रमाणाविषयी बोलणारा अन्नशास्त्रज्ञ, लेबलावर इशारा असावा असे म्हणाला, की त्याने रेषा ओलांडली का? याचे उत्तर स्पष्ट नसल्याने शहाणा संशोधक गप्प राहतो. पबमधील मंद प्रकाशाने हा धोका कमी होत नाही. श्रोत्यांपैकी कोणीही मोबाइलवर चित्रण करू शकतो.

खासगी जागाही फार सुरक्षित राहिलेल्या नाहीत. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमावरून मुंबईच्या खार भागातील ‘हॅबिटॅट’ या छोट्या रंगमंचाची शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तेथे पोहोचले. अशा घटनेनंतर कोणताही उपाहारगृहमालक वक्त्याचा विषय आधी विचारून घेईल आणि ‘वादग्रस्त’ विषय टाळेल. त्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. त्याला परवाना टिकवायचा आहे. परिणाम असा, की पबमधील व्याख्याने कृष्णविवरे, प्रेमाचे मानसशास्त्र आणि प्राचीन पाककृती यांच्याभोवती फिरत राहतात. हे विषय रंजक आहेत, यात शंका नाही. पण पाणी, जमीन, अन्न आणि इमारती यांविषयी बोलायला मग जागा कोणती?

काय करता येईल?

यासाठी नवा कायदा किंवा नवे मंत्रालय लागणार नाही. बरीचशी साधने हाताशी आहेत.

पहिले साधन म्हणजे वैज्ञानिक सामाजिक दायित्वाचे धोरण. २०१९ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने त्याचा मसुदा प्रसिद्ध केला. प्रत्येक ज्ञानकर्मीने वर्षातून किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, अशी अपेक्षा त्यात होती. २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर झाली. म्हैसूरच्या संस्थांनी यातील दोन संध्याकाळी तरी कुंपणाबाहेर, कन्नडमध्ये आणि विनामूल्य द्याव्यात, आणि त्यांची नोंद शोधनिबंधांप्रमाणेच बढतीच्या वेळी घेतली जावी.

दुसरे साधन ग्रंथालयांचे. कर्नाटकच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आकारला जातो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात अशी तरतूद नाही. शिवाय कर्नाटकात पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये आहेत आणि अलीकडच्या काळात त्यांना ‘अरिवु केंद्र’, म्हणजे ज्ञानकेंद्र, असे रूप देण्याचा प्रयत्न सुरू आहे. जागा आहे, तुटपुंजा का होईना निधी आहे आणि वीजजोडणीही आहे. महिन्यातून एका संध्याकाळी तेथे चहा ठेवून तज्ज्ञाला बोलावणे, हा फार मोठा खर्च नव्हे.

तिसरी गोष्ट अभयाची. संस्थांच्या प्रमुखांनी लेखी स्वरूपात स्पष्ट करावे, की आपल्या संशोधनविषयाच्या मर्यादेत पुराव्यांच्या आधारे केलेले जाहीर निवेदन ही शिस्तभंगाची बाब मानली जाणार नाही. संविधानाच्या कलम ५१ (क) ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. नागरिकाने कर्तव्य पार पाडायचे आणि शास्त्रज्ञाने मौन पाळायचे, हे एकत्र नांदू शकत नाही.

चौथी गोष्ट विषयांची. विषय संस्थेने नव्हे, तर शहराने आणि तालुक्याने सुचवावेत. मंडईचे गाळेधारक, हेग्गडदेवनकोटेचे शेतकरी, अंगणवाडी सेविका, रिक्षाचालक यांना कोणते प्रश्न पडतात, ते आधी विचारावे. तज्ज्ञ निवडणे त्यानंतरचे काम.

यात पबला विरोध नाही. ज्यांना बिअरच्या ग्लासासोबत शिलालेख समजून घ्यायचे आहेत, त्यांनी ते अवश्य घ्यावेत; त्या संध्याकाळी आणखी वाढाव्यात. खासगी उपक्रमाने आपला श्रोतृवर्ग निवडावा, हा त्याचा अधिकार आहे. सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या संस्थेला मात्र तो अधिकार नाही. अन्न तंत्रज्ञान संस्थेतील प्रयोगशाळेचा खर्च पबमध्ये जाणाऱ्या अभियंत्याच्या करातून येतो, तसाच काडेपेटी विकत घेणाऱ्या मजुराच्या करातूनही येतो.

म्हैसूरविषयी जे म्हटले, ते थोड्याफार फरकाने पुणे आणि नागपूरलाही लागू पडते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयुका, भांडारकर संस्था आणि गोखले संस्था आहेत. नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीवरील ‘नीरी’ आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने मराठीत लिहून व बोलून आकाश सामान्य वाचकाच्या अंगणात आणले. कापसाच्या बियाण्याविषयी, नागनदीच्या पाण्याविषयी, मुळा-मुठेच्या पूररेषेविषयी तितक्याच सोप्या मराठीत बोलणारे तज्ज्ञ या शहरांत आहेत. त्यांना कोणी बोलावत नाही, किंवा बोलावले तर शाल देऊन गप्प बसवते. दोष श्रोत्यांच्या उदासीनतेचा नाही. तिकीट काढून, दिवसभराच्या कामानंतर, गोंगाटाच्या जागी बसून व्याख्यान ऐकणाऱ्या तरुणांनी एवढे तर सिद्ध केले आहे, की ज्ञानाची भूक आहे. ती भूक केवळ त्यांच्यापुरतीच आहे, असे मानण्याला कोणताही आधार नाही.